राखण्यांना निरोप

ही गोष्ट अजून घडायची आहे. वीसेक वर्षं दम धरलात तर घडलेली सापडेल, वेंगुर्ल्याजवळ खाडीच्या काठी, चैत्रातल्या एखाद्या दुपारी, वारा पडलेला असताना आणि कुत्र्यांनीसुद्धा भुंकणं उद्यावर टाकलेलं असताना. तोवर काजू फोडायला आपोआप चालणारी यंत्रं आलेली असतील, पण काजूगरावरची तांबूस साल सोलायला बायकांची बोटंच लागतील. त्या बोटांना तोड नाही, हे यंत्रवाल्यांनीही मुकाट्याने कबूल केलेलं असेल.

समीक्षा घाडी अशाच एका कारखान्यात सोलणीला बसायची. वय बेचाळीस, हात पाण्यासारखा चालणारा, आणि बसणं ही मात्र तिला सजा. दर अर्ध्या तासाने ती काही ना काही निमित्त काढून उठायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, "समीक्षाच्या पायाक भिंगरी असा." ती हसायची. सांगणार काय, कपाळ? पायाला काहीच झालं नव्हतं. जळत होतं ते भलत्याच ठिकाणी, जिथलं नाव घ्यायची आपल्याकडे सोय नाही. "खाली", "तिथे", "लघवीच्या जागी" असं म्हणून बायका वेळ मारून नेतात, आणि दुखणं आपलं चालूच राहतं.

पंधरा वर्षं तिनं ते सोसलं. उष्णता म्हणून सब्जा प्यायली, धने-जिऱ्याचं पाणी प्यायली, कोकमाचं सरबत तर घागरीने. कुणीतरी खोबरेलात कापूर घालून लावायला सांगितलं, तेव्हा ती मागच्या परसात माडाला धरून अर्धा तास उभी राहिली होती. बुरशीची मलमं झाली. दिवसातून चार चार वेळा साबणाने धुणं झालं, त्यानं आग दुप्पट झाली. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, बाजारातल्या एका डॉक्टरने पडद्यापलीकडूनच चार प्रश्न विचारून गोळ्या लिहून दिल्या होत्या. "दोघांनी घ्या," तो म्हणाला होता. "तुम्ही आणि मिस्टर, दोघांनी."

त्या दोन शब्दांनी समीक्षाचं घर आतून पोखरलं. तिचा नवरा लवेश तेव्हा जहाजावर खानसामा होता. आठ-नऊ महिने दर्यावर, तीन महिने घरी. त्या खेपेला तो येऊन महिना झाला होता आणि तिची आग भडकली होती. दोघांनी घ्यायच्या गोळ्या कशाच्या असतात, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. तिनं चार पांढऱ्या गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. वाटलं होतं, हा विचारेल, "कसल्या गो?" मग ती बोलणार होती, भांडणार होती, रडणार होती. लवेशनं गोळ्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पाण्याच्या एका घोटाबरोबर चारही गिळून टाकल्या. एक शब्द नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? त्या दिवसापासून समीक्षाची खाट माजघरात गेली.

आता तो जहाज सोडून कायमचा घरी आला होता. सकाळी बाजारातून बांगडे आणायचा, त्यांचं झणझणीत तिखलं करायचा, आणि तिच्या कारखान्यात जायच्या वेळेला डबा भरून ओट्यावर ठेवायचा. परवा तर त्यानं जुन्या लाइफ-जाकिटातला फोम कापून, मध्ये गोल भोक ठेवून, एक बैठक शिवली आणि न बोलता तिच्या पिशवीत सरकवली. तिच्यावर बसलं की खरंच कमी दुखायचं. समीक्षा त्या बैठकीवर बसून मनात म्हणायची, पाप फेडतोय.

कारखान्यात एकदा ज्युलियाना सिस्टर रक्तदाब तपासायला आली. ती एकेका बाईला बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारायची, ठेवणीतल्या आवाजात नाही, भाजीचा भाव विचारावा तसे. "बसताना दुखतं का? लघवीला जळतं का? नवऱ्याजवळ जायला भीती वाटते का?" तिसरा प्रश्न समीक्षाला जन्मात कुणी विचारला नव्हता. तिनं तिन्हींना मान हलवली, आणि गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात, डॉ. शाल्मली तोरसकर यांच्यासमोर जाऊन बसली. म्हणजे, उभी राहिली.

डॉक्टरीण सावंतवाडीची, चष्मा कपाळावर चढवून बोलणारी. तिनं आधी हातात दिला तो आरसा.

"हा कशाला?" समीक्षानं विचारलं.

"तुमची जागा आहे. माझ्याआधी तुम्ही बघायला हवी."

बेचाळीस वर्षांत समीक्षानं ती पाहिली नव्हती. आता पाहिली, आणि डॉक्टरनं सांगितलं ते तिचं नावही शिकली. आतल्या बाजूला एक तांबडी, चकचकीत, ओलसर दिसणारी जागा, कुणी किनार आखून दिल्यासारखी. आणि तिला कळलं की इतकी वर्षं मलम ती दोन बोटं पुढेच लावत होती. तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"याला प्लाझ्मा सेल व्हल्व्हायटिस म्हणतात असं मला वाटतं," डॉक्टर म्हणाली. "फार क्वचित होतो. बुरशी नाही, गुप्तरोग नाही, कर्करोग नाही. कुणाकडून लागत नाही, कुणाला देता येत नाही. पूर्वी खात्री करायला तुकडा कापून काढावा लागायचा. आता पापुद्रा लावू."

समीक्षानं ऐकलं, पण "कुणाकडून लागत नाही" हे कानाआड केलं. डॉक्टर लोक असंच सांगणार, घरं मोडू नयेत म्हणून.

आता थोडं शास्त्र ऐका, चहा गार व्हायच्या आत संपवतो. पापुद्रा म्हणजे कांद्याच्या आतल्या सालीइतका पातळ, मऊ पडदा. त्यात डोळ्यांना न दिसणारे हजारो दिवे. तो त्वचेवर ठेवला की ते दिवे केसभर खोल उजेड सोडतात, उजेड पेशींना शिवून परत येतो, आणि कसा परतला यावरून आत कोण कोण राहतं ते समजतं. आपल्या अंगात प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात, रोगाशी लढायची हत्यारं तयार करणाऱ्या. काम झालं की त्यांनी निघून जावं. पण कधी कधी, का ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही, त्या एका जागी ठाण मांडून बसतात. शत्रू नसतो, तरी हत्यारं घडवत राहतात, आणि आसपासची कातडी भाजून निघते.

"आपल्याकडे वेशीवर राखणदार असतो ना," डॉक्टरनं समजावलं, "तसेच हे राखणे. फक्त यांना कुणी सांगितलेलंच नाही की चोर गेला."

इथवर सगळं सोपं होतं. अवघड पुढे होतं. राखण्याचं वय पापुद्रा ओळखायचा. पेशी जुनी होत जाते तशा तिच्या आत बारीक रासायनिक खुणा साठत जातात. सगळ्यात जुन्या राखण्याच्या खुणा मोजल्या की आजार कधी सुरू झाला ते साल आणि ऋतूसकट सांगता येतं. शोध लावणाऱ्यांना वाटलं होतं, बायकांचं भलं होईल. झालंही. पण त्या तारखांनी माणसं काय काय करू लागली म्हणता. कुणी तारीख घेऊन माहेरी निघून गेली, कुणाच्या सासूने सुनेची तारीख मागितली. शेवटी कायदा झाला. तारीख फक्त त्या बाईला, तिनं तोंडानं मागितली तरच.

"हवी का?" डॉक्टरनं विचारलं.

"नको," समीक्षा म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली की डॉक्टरनं चष्मा नाकावर घेऊन तिच्याकडे पाहिलं.

"ठीक. पण एक लक्षात ठेवा. उपचार याच पापुद्र्याने होणार. बारा गुरुवार. त्याचा दुसरा उजेड या राखण्यांचं दाणापाणी तोडतो, वरून मलम असतंच. चौथ्या गुरुवारनंतर सगळ्यात जुने निघून जातात. मग तारीख कायमची गेली. आणि हो, स्वप्नं पडतील. इतकी वर्षं तिथल्या नसा ओरडत होत्या. त्या गप्प झाल्या की मेंदूला ती शांतता भरून काढायला काहीतरी लागतं."

समीक्षाला तारीख नको होती, कारण ती तिला पाठ होती. ती छापून हातात आली की मग काहीतरी करावं लागणार होतं. या वयात नवऱ्याला काय घराबाहेर काढणार? आणि खरं सांगायचं तर त्याच्या तिखल्याची, त्या भोकाच्या बैठकीची, ओट्यावरच्या डब्याची तिला सवय लागली होती. नुसता संशय असताना माणसाच्या हातचं जेवता येतं. शाबीत झाल्यावर घास उतरत नाही.

पहिल्या गुरुवारी ती फिक्या निळ्या खोलीत उताणी पडली. पंखा हळू फिरत होता. पापुद्रा आधी गार लागला, मग लागेनासाच झाला. आणि मग, कितीतरी वर्षांनी, तिथे काहीच नव्हतं. आग नाही, खाज नाही. त्या काहीच-नसण्यात ती पोहणाऱ्यासारखी अलगद तरंगू लागली.

तिला शेताची मेर दिसली, हद्दीचा बांध. उजेड सकाळचा की संध्याकाळचा ते कळत नव्हतं. मेरेवर रांगेनं राखणे बसलेले, खांद्यावर कांबळं, हातात काठी. ती जवळून गेली तशी सगळ्यांनी माना वळवल्या. एकानं विचारलं, "चोर खंय गेलो?" ती म्हणाली, "माका ठाव नाय." आणि ते पुन्हा समोर बघत बसले, दमलेल्या डोळ्यांनी. तिला त्यांची कीव आली. जागी झाली तेव्हा ज्युलियाना सिस्टर म्हणाली, "घोरत होतीस गं, राणीसारखी."

दुसऱ्या गुरुवारी ते परत दिसले. या वेळी खाडीचं पाणी मेरेला लागलं होतं आणि त्यावर काजूची फुलं तरंगत होती. तिसऱ्या गुरुवारी समीक्षानं स्वप्नातच पदर खोचला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे, राखणदारापुढे सगळ्यांच्या वतीने घातलेली साद. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तिचा सासरा गावचा घाडी, त्याचं ते काम. बायका मागे उभ्या राहून ऐकत. पण स्वप्नात कोण अडवणार? "बा राखणदारा म्हाराजा," ती म्हणाली, "आजवर तू माझी राखण केलंस. आता तुझी भाकरी तुका पावली. कांबळा उचल, काठी घे, आनी आपल्या घराक जा." मेरेवरून "व्हय म्हाराजा" असा आवाज उठला आणि एकेक राखणा उठून, वहाणा करकरवत, माडांत दिसेनासा झाला.

एकच उरला. तिच्याकडे पाठ करून बसलेला. समीक्षा त्याच्या पुढ्यात गेली तर कांबळ्यातून एक मुलगी वर बघत होती. वीसेक वर्षांची, दोन वेण्यांची. तिच्या दहाही बोटांची टोकं काळी पडलेली, काजूच्या चिकानं भाजलेली.

जागी झाल्यावरही ती बोटं समीक्षाच्या डोळ्यांपुढून हलेनात. घरी जाताना, चालता चालता, तिच्या ध्यानात आलं की आज आपण सरळ चालतोय. पण मनाला मात्र खडा टोचत राहिला. आठवडाभर ती लवेशला चोरून न्याहाळत होती. हा माणूस वाटण वाटताना गुणगुणतो, हे तिला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं.

चौथ्या गुरुवारी डॉक्टर पापुद्रा उलगडत होती तेव्हा समीक्षा म्हणाली, "तारीख द्या."

"नक्की?"

"आज गेली तर गेली ना? मग द्या."

डॉक्टरनं पडद्यावर बोट फिरवलं. "बावीस वर्षं. उन्हाळा. महिना-दोन महिने इकडे तिकडे."

"पंधरा," समीक्षानं दुरुस्त केलं.

"पंधरा वर्षांपूर्वी वाढलंय, हा इथे चढ दिसतोय. पण पहिला राखणा बावीस वर्षांचा आहे."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. बावीस वर्षांपूर्वी तिनं लवेश घाडीचा फोटोही पाहिला नव्हता. ती तेव्हा वीस वर्षांची होती आणि काजू फोडायला जायची, पायाने चालवायच्या यंत्रावर. चिकानं बोटं जळत. मोठ्या बाया पोरींना बजावायच्या, "चीक लागलेल्या हातान खंय हात लावू नको." त्या उन्हाळ्यात तिला जरा खाज आली होती. तिनं कुणाला न सांगता दोष आपल्या हातांना दिला, राख लावून हात घासघासून धुतले, वरचेवर येणाऱ्या आगीला चीकच म्हणत राहिली, आणि लग्नाच्या गडबडीत ते विसरून गेली. आधी दोष द्यायला हात होते. मग नवरा मिळाला.

"चिकानं झालं का?" तिनं विचारलं.

"नाही. चिकानं नाही, हातांनी नाही, माणसानं नाही. कुणीच केलेलं नाही हे."

त्या गुरुवारी तिला स्वप्न पडलं नाही. ती डोळे मिटून पडून राहिली आणि कानांत पाणी जाईपर्यंत रडली.

घरी आली तेव्हा लवेश मागच्या पडवीत तारली मासे साफ करत होता. ऊन कलतं झालं होतं. मांजर त्याच्या पायाशी मान वर करून बसलं होतं. समीक्षा पायरीवर बसली, बैठक न घेता.

"ऐकलात?" ती म्हणाली. "पंधरा वर्सांमागे मी तुमका गोळये दिल्लंय. आठवतत?"

त्याचा हात थांबला. "आठवतत. चार. पांढरे."

"कसले ता तुमी इचारूक नाय."

"नाय."

"कित्याक?"

लवेशनं विळी आडवी केली, हात धुतले, आणि ते पुसायला नको इतका वेळ पुसत राहिला. मग मांजराकडे बघत म्हणाला, "इचारलंय असतंय, तर तुका खरां सांगूचा लागला असता."

समीक्षाला आधी कळेचना. मग कळलं.

"मी वर्साचे नव म्हयने भायर," तो पुढे म्हणाला. "तू एकटी. माणसाचा मन असता. माका वाटला, काय झाला असात ता झाला. गोळये गिळूया आनी सोडून देवया. तुका लाज नको."

"म्हणजे तुमका वाटला, मी..."

"व्हय."

"आनी तुमी माका माफ केलात?"

"त्याच दिसाक." तो अगदी साधेपणानं म्हणाला. "मगे तू माजघरात निजाक लागलंस. जेवूक वाढी होतंस, पन वर बघूचा नाय. माका वाटला, अजून लाजता. म्हटला, जाऊदे, जातली लाज कधीतरी."

पंधरा वर्षं. हा माणूस न केलेल्या चुकीची माफी देऊन बसला होता, आणि ती न केलेल्या चुकीची शिक्षा देत होती. दोघांनीही एकमेकांची राखण केली, चोर कुठेच नसताना. समीक्षाला संताप आला, त्याचा, स्वतःचा, पडद्यापलीकडून बोलणाऱ्या त्या डॉक्टरचा. तिला त्या तारल्या उचलून भिरकावाव्याशा वाटल्या. मग तिनं त्याला सगळं सांगितलं, आरसा, पापुद्रा, बावीस वर्षं, दोन वेण्यांची मुलगी, काहीही न गाळता, आणि त्या जागेचं नाव डॉक्टरनं शिकवलं होतं तसं घेऊन.

लवेशनं धुतलेली तारली परत धुवायला घेतली. ते बघवेना तशी समीक्षा उठली, पदर खोचला आणि त्याच्या बापाच्या थाटात, खाडीकडे तोंड करून, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. "ह्या घाडयांच्या घरात दोन माणसां पंधरा वर्सां एकमेकांक चोर समजान रवली."

तिनं वळून पाहिलं. "म्हणा की. तुमच्याच घरातला काम हा."

"व्हय म्हाराजा," लवेश कसाबसा म्हणाला.

"कोनी चोरी करूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"आता हेच्या फुडे जा काय पोटात असात, ता तोंडान इचारूची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला, आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. मांजरानं ती संधी साधून एक तारली पळवली. दोघांनीही ते पाहिलं आणि कुणीच हाकललं नाही.

थोड्या वेळानं तो पायरीवर येऊन तिच्याशेजारी बसला, हाताला माशाचा वास तसाच. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"समू," तो म्हणाला, "अजून दुखता काय गो?"

"थोडा," ती म्हणाली. "अजून आठ गुरवार रवलेत. येतल्या गुरवारी तुमी चला."